सुनीताच्या वहीतली हिरवी शाई

मंगळवार, संध्याकाळ. पिंपळे गुरव.

सुनीता दूध आणायला गेली आणि मी तिची इंग्रजीच्या क्लासची वही उघडली. स्वतःच्याच घरात, चोरून. घरात इंग्रजी येतं ते मला एकट्याला, चाकणच्या कंपनीत रोजचा शिफ्ट रिपोर्ट मी लिहितो, आणि बायकोच्या शंका सोडवणार कोण, तर क्लासचे सर! तेही हिरव्या शाईने.

तिने विचारलंय, "दार बंद, पंखा बंद, दुकान बंद. सगळ्यांना क्लोजच म्हणायचं का?" खाली सरांचं उत्तर: दार, दुकान क्लोज, पंखा ऑफ. आणि शेवटी, "छान प्रश्न!" त्यात छान काय? मला कधी कुणी छान म्हटलंय?

परवा तिला म्हटलं, "अगं, मला विचारत जा की."

"अहो, तुम्ही हसता," म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

हसतो मी? हसत असेन. म्हणून काय हिरवी शाई माझ्यापेक्षा जवळची?

खरं म्हणजे ते उत्तर मी तीनतीनदा वाचलं. मशीन बंद पडलं की आठ वर्षं मी रिपोर्टमध्ये 'क्लोज'च लिहितोय. बरोबर की चूक, कुणाला विचारू? साहेबांना विचारायची लाज वाटते.

जिन्यात तिच्या चपला वाजल्या. घाईघाईने त्या हिरव्या शाईखाली एक ओळ लिहिली, "आणि मशीन बंद पडलं तर?" अगदी तिच्यासारखं अक्षर काढून.

उद्या क्लास आहे. मलाही 'छान प्रश्न' म्हणतात का बघू.