तिसरी सव्वा मूठ

आबा, डोकं चालेनासं झालंय म्हणून तुम्हांला लिहायला बसलोय. तुम्हांला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हांला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. एकाच खोलीत राहणाऱ्याला कोण पत्र लिहितो? गोष्ट अशी की गुरुवारी संस्थेतून फोन आला. चौदा महिन्यांची मुलगी आहे, दत्तक घेणार की नाही ते सोमवारपर्यंत कळवा. दोन वर्षांपूर्वी नाव नोंदवलं ते मी हिच्या समाधानासाठी, आपला नंबर कशाला लागतोय असं मनात धरून. तर लागला. शुक्रवारी सकाळी तुमची सून म्हणाली, घरात बसून तू नुसता पंख्याकडे बघत राहशील, गाडी काढ, माणसांत जाऊ. चारचौघांत ती मला तुम्ही म्हणते, गाडीत तू. सुरतेहून, आपल्या डिंडोलीतून निघालो, आधी वलसाड, मग दमण, आणि अख्खा रस्ता पाऊस.

वलसाडला हिची शाळेपासूनची मैत्रीण राहते. भजी तळता तळता ती म्हणाली, “लई लो ने, एमां शूं विचारवानुं!” घेऊन टाका, त्यात काय विचार करायचा, हे ती मराठीत बोलता बोलता गुजरातीत म्हणाली, म्हणजे अगदी मनापासून. संध्याकाळी तिचा नवरा मला जवळच्या तिथल गावी समुद्रावर घेऊन गेला आणि एका छत्रीखाली हळूच म्हणाला, नीट विचार करा, रक्ताचं ते रक्ताचं. मला तिचंही पटलं, त्याचंही पटलं. समुद्र गढूळ होता, लाटा भिंतीवर आपटून अंगावर येत होत्या, आणि मी दोघांनाही हो म्हणून मोकळा झालो होतो. माझं हे असंच असतं, तुम्ही मला गोल बुडाचा लोटा म्हणायचात.

दमणच्या वाटेवर ही म्हणाली, “आबा जाताना तुला म्हणाले होते ना, परक्याचं लेकरू कुळात आणू नको. तेवढ्यासाठी मी किती वर्षं हा विषय काढला नाही. पण मला एक सांग, कानबाईच्या सणाला तुमच्या खानदेशात नैवेद्याच्या रोटासाठी गव्हाच्या मुठी मोजतात त्या पुरुषांच्याच. ही तर मुलगी. हिच्या नावाची मूठ तशीही पडायची नाही, मग कुळाचं बिघडलं कुठे?” मी वायपरचा वेग वाढवला.

कानबाईचं म्हणाल तर मला तुम्ही पाटावर बसलेले दिसता. श्रावणातला रविवार, आई भाजीला गंगाफळ भोपळा चिरतेय, बाहेर गल्लीत पाणी साचलंय, आणि तुम्ही रोटासाठी गहू मोजताय. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. आपल्या घरात पुरुष दोन, तुम्ही आणि मी. तुम्ही मात्र तिसरी घ्यायचात. आई नुसती बघायची, तुम्ही म्हणायचात, ही कुळाची. आणि कानबाई उठली तो एक सोमवार, मी आठ वर्षांचा. शेजारच्या उडिया बाईला मी माझ्यातला रोट दिला, कारण ती मला रोज तिच्याकडचा पाण्यात भिजवलेला पखाळ भात द्यायची. तुम्ही तिच्या देखत माझ्या कानाखाली वाजवलीत. “रोट परकाले देवाना नही, समजनं का?” ती बाई रोट परत आणून उंबऱ्यावर ठेवून गेली. त्यानंतर तिच्या घरात जायची मला लाज वाटायला लागली.

दमणला तुमचा जोडीदार भेटला. परभणीचे काका, खातं सोडून केव्हाच दमणला आले, आता लेकीकडे असतात. उधन्याच्या कापडाच्या खात्यात एकाच मागावर तुमची दिवसपाळी, त्यांची रातपाळी, हे मला माहीत होतं. तुमच्या दहाव्याला आले होते, त्यानंतर मीच गेलो नाही. कान गेलेत, पण मला ओळखलं. चहा पुढे ठेवून म्हणाले, “कानबाई बसंल आता. माझा रोट आणशील का यंदा?”

मला वाटलं, वयामुळे काहीतरी बोलतायत. तर म्हणाले, “तुझा बाप दरसाल आणायचा. कानबाई उठली की मंगळवारी बसनं यायचा, फडक्यात बांधून. माझ्या नावाची मूठ टाकायचा तो. म्या म्हणलं, बाबा, मी ना तुझ्या गावचा, ना तुझ्या जातीचा, देवी कोपंल. तर म्हणला, आठ वर्सं एका गोधडीत पाळीपाळीनं निजलो, कोपू दे. घरी बोलू नको म्हणला तेवढं.”

आबा, मला राग आला. आनंद व्हायला पाहिजे होता, हिचे तर डोळे भरून आले, पण मला रागच आला. दर वर्षी त्या मंगळवारी खात्यात जातो म्हणून निघायचात आणि परक्या माणसाला रोट भरवून यायचात, मग मला का मारलंत? त्या बाईनं काय घोडं मारलं होतं? हिनं काकांच्या कानाशी वाकून मोठ्यानं मुलीचं सगळं सांगितलं, तुमचे शेवटचे शब्दही सांगितले. काकांनी माझ्याकडे बघितलं. “असं म्हणला? वाटत न्हाई बाबा,” म्हणाले, आणि लेकीला आणखी चहा टाकायला सांगितला.

पुढे डहाणूला जायचं होतं, गेलो नाही. परतताना पारडीजवळ एवढा पाऊस झाला की गाडी कडेला घ्यावी लागली. काचा बंद, आत आम्ही दोघंच. ही म्हणाली, “त्यांनी काकांना भाऊबंद केलं ते खरं धरू, की तुला सांगून गेले ते? तू म्हणशील ते. पण मेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा तर तो तू मोड, मी नाही मोडणार.” मी म्हटलं, पाऊस कमी झाला की बोलू. पाऊस कमी झाला, आम्ही घरी आलो, आणि मी अजून बोललेलो नाही.

आज रविवार आहे, दुपार. ती आत कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करतेय. का करतेय, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आबा, तुम्ही तसं काही बोलला नव्हतात. दवाखान्यात शेवटचे सहा दिवस तुमची वाचाच गेली होती, ती डबा आणायला घरी गेली की मी नुसता तुमचे पाय चेपत बसायचो. मला भीती वाटते की ते लेकरू घरात येईल, मला बाबा म्हणेल, आणि माझ्या आत काही हलणारच नाही. हे बायकोला सांगायची लाज वाटली, म्हणून ती नसताना तुम्ही क्षणभर बोललात असं सांगून तुमच्या तोंडी घातलं. हे आधी तिला सांगायला हवं. ती चार पावलांवर आहे, आणि मी तुम्हांला लिहीत बसलोय.