नेलचा टोचलेला कागद

होबार्ट, टास्मानिया
१२ जानेवारी १९७४

ती. विनिफ्रेड मावशींस,
ऑड्रीचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी तुमच्या धाकट्या बहिणीची, नेलची मुलगी. आई गेल्या सप्टेंबरात दम्याने गेली. तुम्हाला कळवायला चार महिने लागले, कारण तुम्ही आहात हेच मला ठाऊक नव्हतं. आईने उभ्या जन्मात माहेरचं नाव काढलं नाही. विचारलं की म्हणायची, माझं माहेर पावसात वाहून गेलं.

तिच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत एक फोटो आणि घड्या घातलेला एक भलामोठा कागद. कागदाला कसर लागून नुसती भोकं भोकं पडलीत, टाकूनच देणार होते. फोटोत विहिरीपुढे उभी केलेली फळी आहे, तीवर पाकळ्यांनी केलेलं चित्र. खालचा अर्धा भाग, म्हणजे वाळू, खडक आणि एका बाईची अनवाणी पावलं, अगदी जिथल्या तिथे. वरचा सगळा गळून चिखल झालेला. मागे फक्त 'आल्डरविक, १९३४'.

त्यावरून मी तिथल्या धर्मगुरूंना पत्र टाकलं. त्यांनी कळवलं, की दरवर्षी गिरणीच्या विहिरीचं चित्र करणाऱ्याचं नाव सभागृहातल्या पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहितात. त्यात आईच्या फर्न घराण्यातली सात नावं आहेत, पण नेल फर्न कुठे नाही. १९३४ या सालासमोर कुणाचंच नाव नाही, 'पावसाने वाया' एवढंच आहे. तुमचा पत्ता त्यांनीच दिला.

मावशी, मी एकोणचाळीस वर्षांची आहे. दोन मुलगे आहेत, ते विचारतात आपण मूळचे कुठले. मला आईची एकच गावाकडची गोष्ट माहीत आहे. केकवर बदाम लावतानासुद्धा ती हात धरून सांगायची, खालून वर लाव, नेहमी खालून वर. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

माझी आई तिथे कोण होती, एवढं सांगा. गोड नसलं तरी खरं सांगा. लोभ मागायचा हक्क अजून मिळवलेला नाही, म्हणून उत्तरच मागते.

आपली भाची,
ऑड्री

---

आल्डरविक, डर्बीशायर
३ फेब्रुवारी १९७४

चि. ऑड्री हिस,
विनीमावशीचे अनेक आशीर्वाद.

आधी ते तुम्ही-बिम्ही सोड. मावशीला अगं-तुगं करतात, एवढंही नेलने शिकवलं नाही वाटतं. तुझं पत्र वाचताना चहा गार झाला. मी गार चहासुद्धा कधी टाकत नाही, तो टाकला. नेल गेली हे मला पोस्टमनच्या हातून कळावं, हीच माझी लायकी.

खरं हवंय ना, मग ऐक. पाण्यासाठी देवाचे आभार म्हणून आमच्याकडे जूनमध्ये पाच विहिरी सजतात, प्रत्येकीपुढे सात दिवस एक चित्राची फळी उभी असते. नदीत भिजवलेल्या फळ्यांवर माती थापायची, ती आधी मीठ घालून अनवाणी तुडवायची. मग चित्राचा कागद त्या ओल्या मातीवर पसरून रेघारेघांवरून सुईने टोचत जायचं. कागद उचलला की मातीत ठिपके उरतात, त्या ठिपक्यांच्या आधाराने शेवाळ, बिया, पाकळ्या लावायच्या. तर बाईसाहेब, तुझ्या कागदाला कसर लागलेली नाही. तो नेलने सुईने टोचलेला आहे. पोरांना हात लावू देऊ नकोस.

चौतीस साली गिरणीच्या विहिरीचा मान नेलला मिळाला. वय वर्षे वीस. तिने हागार काढली. तू बायबल उघडत नसशील म्हणून सांगते : हागार ही अब्राहामाची दासी. त्याच्यापासून दिवस गेले आणि मालकिणीने जाच मांडला, तशी ती वाळवंटात पळाली. तिथे एका विहिरीपाशी देवदूत भेटला. समितीला चित्र फार पसंत पडलं. मग बुधवारी, पाकळ्या लावायचं काम अर्ध्यावर असताना, त्यांना कळलं की चित्र काढणारीलाही दिवस गेलेत. पोटात तू होतीस.

समितीचे अध्यक्ष जोसाया ग्रॅटन फळ्यांचं काम चालतं त्या कोठारात आले आणि सगळ्या बायकांसमोर नेलला म्हणाले, की पवित्र कामाला असले हात नकोत. नेलने हात धुतले, आपला कागद घडी करून काखोटीला मारला आणि गेली. मी तिथेच होते, ऑड्री. हातात पाकळ्यांचं ताट होतं. मी सव्वीस वर्षांची घोडी, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

उरलेलं काम ग्रॅटननी अंगावर घेतलं. पाहणीला मोठी माणसं यायच्या आत हागारचा चेहरा दिसावा म्हणून त्यांनी वरून सुरुवात केली. कौलं शाकारताना वळचणीपासून वर जातात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाकळ्यांचं तेच. खालून वर लावल्या तर वरची पाकळी खालचीवर येते आणि पाणी निथळून जातं. वरून लावल्या तर पाणी प्रत्येक पाकळीच्या मागे शिरतं. शनिवारी धर्मगुरू विहिरींना आशीर्वाद द्यायला आले, त्याच वेळी पाऊस आला आणि ग्रॅटनचा अर्धा भाग घसरून खाली आला. नेलचा अर्धा सातही दिवस उभा राहिला. गाव म्हणालं, नेलचं पाप धुऊन निघालं. खरं काय ते चिमट्याने पाकळ्या लावणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. एकही बोलली नाही. त्यांत मी एक.

सातव्या दिवशी मी फोटोवाल्याला बोलावलं. ऑगस्टात नेल बोटीवर चढली, पुढे एकदाच होबार्टचा पत्ता कळवला. मी फोटो पाठवला, पण सोबत चार ओळी लिहायचा धीर झाला नाही. तिचं उत्तर आलं नाही, आणि कशाचं यावं.

तुझ्या बापाचं विचारशीलच. दगडखाणीत होता, गावाच्या क्रिकेट संघाचा गोलंदाज. चौसष्ट साली वारला. त्याचं नाव क्रिकेटच्या पाटीवर अजून सोनेरी आहे, कुणाला पुसावंसं वाटलं नाही.

राग आला तर येऊ दे, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझी (शोभत नसले तरी) मावशी,
विनी

---

होबार्ट
९ मार्च १९७४

ती. विनीमावशीस,
ऑड्रीचा सा. न. वि. वि.

राग आला. दहा दिवस तुझं पत्र ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवलं होतं. मनात तुझ्याशी भांडत होते, की एक वाक्य बोलायला काय लागत होतं तुला? मग वाटलं, चाळीस वर्षं गप्प बसलेली बाई पहिल्याच पत्रात सगळं ओकून मोकळी झाली, निदान शब्द फिरवले नाहीत. आणि मला दुसरी मावशी नाही. तेव्हा तुझ्यावर रुसणं मला परवडत नाही.

काल तो कागद खिडकीच्या काचेवर लावला. बाहेर ऊन होतं. भोकाभोकांतून उजेड आला आणि हागार दिसली. मी इथल्या ग्रंथालयात जाऊन हागारची चार चित्रं पाहून आले. चारही ठिकाणी ती मान खाली घालून रडते आहे. आईची रडत नाही. ती सरळ समोर बघते. देवदूत बाजूला उभा आहे आणि तोच जरा ओशाळलेला वाटतो. माझा धाकटा म्हणाला, ही तर आजी. मोठा म्हणाला, नाही, ही आई चिडल्यावर.

आता माझं मागणं ऐक. त्या पाटीवर आईचं नाव लागलं पाहिजे. कुणी माफी मागायला नको, माफी मला इथे कुठे मांडायची आहे? नाव लागलं पाहिजे. पोरांना घेऊन येईन तेव्हा त्यांना बोटाने दाखवता आलं पाहिजे, की ही तुमची आजी. फोटोची प्रत सोबत आहे. तू समितीकडे जा. गेल्या वेळी गप्प बसलीस, या वेळी बोल.

धाकटा तुझं चित्र मागतो आहे, त्याच्या मते तुला मिशा असाव्यात. लोभ मागण्याइतकं आता भांडून झालंय, तेव्हा तो ठेव.

तुझी,
ऑड्री

---

आल्डरविक
२० एप्रिल १९७४

चि. ऑड्रीस,
अनेक आशीर्वाद, धाकट्याला एक धपाटा. मिशा आहेत, पण विरळ.

गेले होते समितीकडे. हल्ली अध्यक्ष जोसायाचा मुलगा हॅरॉल्ड आहे. बापाने जागा सोडली, पोराने खुर्ची धरली. फोटो पाहून म्हणाला, हवामानाचा दोष कुणावर ढकलता येत नाही. मी म्हटलं, हवामान सगळ्या फळीवर पडलं होतं, मग अर्धीच का गळली? तर लेखी उत्तर देतो म्हणाला. ते परवा आलं. नियम दोन आहेत : फळी सात दिवस धड उभी राहिली तरच त्या वर्षाला नाव लागतं, आणि नाव लागतं ते कागद टोचणाऱ्याचं, पाकळ्या कुणीही लावो. चौतीसची फळी धड राहिली नाही, सबब नाव नाही. खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय, की जुनी मढी उकरण्यात फर्न कुटुंबाचाच कमीपणा आहे.

ही शेवटची ओळ त्याने लिहायला नको होती. तोवर मी विचार करत होते की सहासष्टाव्या वर्षी कुठे भांडत बसायचं.

यंदा गिरणीची विहीर माझ्याकडे आहे. नोहाची नौका करणार असं समितीला तोंडी सांगितलंय. नौका निघाली नाही तर बुडाली समज.

मनात आहे ती नेलची हागार, पण ती तुला विचारल्याशिवाय करणार नाही. मला प्रत नको, नेलने टोचलेला तोच कागद हवा. नवा टोचला तर तो माझा होईल. तो चाळीस वर्षं जुना, ओल्या मातीवर ठेवल्यावर टिकेल की लगदा होईल, देव जाणे. तुझ्याकडे आईच्या हातचं तेवढंच आहे. नको म्हणालीस तर विषय संपला, आणि मला वाईट वाटणार नाही असं खोटं लिहीत नाही.

विचार करून लिही. लोभ कमी पडत असेल तर माझ्याकडचा घे.

तुझी मावशी,
विनी

---

होबार्ट
५ मे १९७४

ती. विनीमावशीस,
सा. न. वि. वि.

कागद विमानाच्या टपालाने पाठवला आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून. रात्रभर झोप लागली नाही. एकदा वाटलं, देऊ नये. मग डब्यात ठेवून तरी काय करणार होते? मुलांनाही मोठेपणी कागदाला कसर लागलीय असंच वाटलं असतं.

आईने तो गावच्या मातीसाठी टोचला होता. पडू दे त्या मातीवर. लगदा झाला तरी तुझ्यावर राग नाही.

एकच अट. एकेक पाकळी खालून वर.

तुझी,
ऑड्री

---

आल्डरविक
७ जुलै १९७४

चि. ऑड्रीस,
तुझ्या मावशीचे या वर्षीचे सगळे आशीर्वाद एकदम.

सविस्तर लिहिते, घाई करू नकोस.

कागद मातीवर पसरला आणि सुईचं काम शेजारच्या बायकांना दिलं, माझ्या डोळ्यांना ती बारीक भोकं आता दिसत नाहीत. जुन्या भोकांतूनच सुई घालायची, एकही नवं भोक पाडायचं नाही, असं बजावलं. खालच्या अंगाला माती लागून दोन जागी फाटला. मी सुस्कारा सोडला, सोबत एक शिवीही सोडली, आणि कामाला लागले. पावलं शेवाळाची, वस्त्र हायड्रेंजियाच्या पाकळ्यांचं, केस कॉफीच्या बियांचे. चेहरा सगळ्यात शेवटी.

गुरुवारी हॅरॉल्ड ग्रॅटन पाहणीला आला. नौका कुठे आहे म्हणून विचारलं. बुडाली म्हणून सांगितलं. चित्र ओळखायला त्याला थोडा वेळ लागला, मग कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, फळी विहिरीपाशी जाणार नाही. पाच बायका चिमटे हातात घेऊन उठून उभ्या राहिल्या. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बॅगशॉबाई, त्या चौतीसलाही होत्या. त्या म्हणाल्या, की ही फळी गेली नाही तर पाच विहिरींपैकी एकीचीही जाणार नाही, मग आशीर्वाद तुझ्या मोटारीला दे. तेव्हा तो जरा नरमला. निदान बाईची मान तरी खाली करा, म्हणाला, लोकांकडे अशी रोखून बघते ते बरं दिसत नाही. मी त्याला सांगितलं, की चाळीस वर्षं मान मी खाली घातली होती, तेवढी दोघींना पुरे.

शनिवारी सकाळपासून पाऊस. मी म्हटलं, ये बाबा, तुझीच वाट बघत होते. धर्मगुरूंनी छत्रीखाली उभं राहून हागारची गोष्ट मोठ्याने वाचली, एक ओळ गाळली नाही. मी छत्री उघडली नाही. पाणी तिच्या कपाळावरून गालावर, गालावरून वस्त्रावर, वस्त्रावरून पावलांवर निथळत गेलं आणि एक पाकळी हलली नाही. बॅगशॉबाई माझा हात धरून रडल्या. मीही रडले, लपवत नाही.

सात दिवस झाले. काल संध्याकाळी हॅरॉल्ड रंगारी घेऊन सभागृहात आला आणि माझं नाव लिहायला सांगू लागला. मी त्याचंच पत्र पिशवीतून काढलं. नाव लागतं ते कागद टोचणाऱ्याचं. तो म्हणाला, बाई वारली आहे. मी म्हटलं, नियमात श्वासाची अट कुठे आहे ती दाखव. त्याने दोनदा वाचून पाहिलं. सापडली नाही. सोनेरी रंग वाळेपर्यंत मी खुर्ची टाकून बसले होते : १९७४, नेल फर्न.

जाता जाता त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, त्या चौतीसच्या ओळीवर रंग फिरवून टाकू का? नको म्हटलं. राहू दे तशीच 'पावसाने वाया'. येणारा जाणारा विचारेल, या वर्षी नाव का नाही. मी सांगेन. मी नसेन तेव्हा सांगायला तुझी पोरं आहेत.

पुढच्या जूनमध्ये तिघं या. माती तुडवायला अनवाणी माणसं लागतात आणि धाकट्याला मिशाही तपासता येतील. खोली रंगवून घेते आहे.

कागद परत पाठवते आहे. मातीचे डाग पुसले नाहीत. फाटलेल्या दोन जागा मागून चिकटवल्या आहेत, भोकं शाबूत आहेत. खिडकीला लावून बघ. ती अजून समोरच बघते आहे.

लोभ असू दे. भांडणही चालू ठेव.

तुझी मावशी,
विनी