न नेलेला कोट

ता. ९, सोमवार

प्रिय ताईस, बारक्याचा नमस्कार.

आणि म्हणे मी साहेब झालो! फोटोत नुसता कोट दिसला की लगेच टोमणा? "आईचा चष्मा दोऱ्याने बांधलाय आणि लाटसाहेब कोट घालून मिरवतायत." हे वाचल्यापासून आठ दिवस पेन हातात धरलं नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून तळहाताला घट्टे पडलेत. माणसाने एकदा बरं दिसूच नये का?

बाकी ठीक. लाँड्रीचा मालक खेकसतो, पण पगार वेळेवर देतो. खोलीतला सोबती असा घोरतो की छताचे पत्रे थरथरतात. आईचा गुडघा कसा आहे? तू हल्ली सगळी शिलाई हातानेच करतेस, असं तिने शेजारणीकडून लिहवलं होतं. डोळ्यांना जप.

वायरमनच्या कोर्सचं तू तीनदा विचारलंस. सांगतो.

वर्षभर कुणी न नेलेले कपडे मालक आम्हा कामगारांना स्वस्तात देतो. फोटोतला कोट त्यातलाच, मीच तो दर महिन्याला झटकून परत टांगायचो. तू शिलाई मशीन विकून फीचे अडीच हजार पाठवलेस, त्याच आठवड्यात त्याचं वर्ष भरलं. वाटलं, मळक्या शर्टात गेलो तर दारातूनच हाकलतील. म्हणून त्याच पैशांतून कोट घेतला. फी हप्त्याहप्त्याने भरू म्हटलं.

ताई, तिथल्या कारकुनाने उठून खुर्ची दिली गं. मला! जन्मात पहिल्यांदा. म्हणाला, "बोला साहेब, कुणाचं नाव घालायचंय? तुमच्याकडच्या कामगाराचं?"

"माझं" एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं तर खुर्ची जाईल, असं वाटलं. "हो, एक पोरगा आहे, पाठवतो," म्हणालो आणि फॉर्म खिशात घालून बाहेर आलो. परत कुठल्या तोंडाने जाणार? त्याने ओळखलं असतं.

फोटो त्यानंतर काढला. काहीतरी झालंय असं तुम्हाला दिसावं म्हणून.

म्हणजे तुझी मशीन विकून मी पाच मिनिटं खुर्चीवर बसलो.

काल कोट मालकाला परत दिला. "टांगलेलाच बरा होता की रे," म्हणून हसला आणि निम्मेच पैसे हातावर ठेवले. आई फोटो भिंतीवर लावणार म्हणते, लावू देऊ नकोस. का ते तूच सांग, मला जमणार नाही. आधी चष्मा कर.

तुझ्यापुढे उभा,
बारक्या

सोबत अठराशे, फीतले उरलेले आणि कोटाचे मिळून.