तुम्ही रंगवलेला ढग

आप्पा, परवा नववीच्या वर्गात एका मुलीने मला गप्प केलं. तुम्ही असता तर खूश झाला असता, कारण माझ्या तोंडाला कुलूप कधी लागायचं, ही तुमची जुनी तक्रार होती. मी पडद्यावर तेजोमेघाचं चित्र लावलं होतं आणि रंगात येऊन सांगत होते. हा वायूचा आणि धुळीचा अवाढव्य ढग, गार आणि काळोखा. स्वतःच्याच वजनाने तो जागोजागी दाटत जातो आणि त्याच्या पोटात तारे जन्मतात. त्यातले मोठे तारे जन्मतःच तापट. त्यांच्या जहाल प्रकाशाने भोवतालचा वायू लालसर चमकू लागतो, त्यांच्या वाऱ्याने ढग आतून कोरला जातो, मोठी पोकळी पडते. जिथे ढग दाट असतो तिथे तो सहजी हटत नाही, खांबासारखा उभा राहतो. कुठे त्या दाबानेच वायू घट्ट होऊन आणखी तारे जन्मतात, तर कुठे सगळा वायू उडून जातो आणि पुढचे जन्म थांबतात. तेव्हा गोडादरा वस्तीतली एक मुलगी, जिचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला आहेत, हात वर न करताच गुजराती मिसळून म्हणाली, "बाई, तारा तर मस्त चमकला. पण ढगाचं काय? बिचारं आखं खाली थई गयुं, पार रिकामं!" मी म्हणाले, "अगं, ढग उजळतो ना. तारे नसते तर तो कोणाला दिसलाच नसता." ती म्हणाली, "हा, पण त्याला विचारलं का कोणी?" वर्ग हसला, घंटा झाली आणि मी पुस्तकं आवरायला लागले.

तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. पलसाण्याच्या डाइंग मिलमधले तुम्ही कलर मास्टर. व्यापारी चिंधी घेऊन येणार, हुबेहूब असाच रंग पाहिजे म्हणणार, आणि तुम्ही डब्यांमधून चिमूट-चिमूट रंग घेऊन तो जमवणार. घरीही तेच. मायने नवी साडी आणली की तुम्ही आधी ती दारात उन्हात नेऊन बघायचात, ट्यूबलाइटवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. आणि धुतलेल्या कपड्यांवरून मी काही बोलले की ठरलेलं वाक्य यायचं, "ओलं कापड खोटं बोलस. वाळू दे, मंग देख." ओला रंग गडद आणि मळका दिसतो, वाळला की उघडतो. इतर पोरी पाढे पाठ करत होत्या त्या वयात मला हे पाठ होतं. तुमची नखं मात्र कधी निळी, कधी जांभळी, आणि अंगाला मिलचा तो आंबूस वास. साबणानेही जात नसे.

मीही एकदा अशीच नववीत होते, याच शाळेत. विज्ञान प्रदर्शनासाठी मी तेजोमेघ निवडला होता. मासिकातलं एक चित्र कापून तुम्हाला दाखवलं आणि म्हटलं, मागे लावायला अशा रंगाचं कापड पाहिजे. तुम्ही ते चित्र बराच वेळ दारात धरून पाहिलंत. "हाऊ लाल नही, गुलाबी बी नही," एवढंच म्हणालात आणि ते खिशात ठेवलंत. आठवडाभर ते रोज तुमच्यासोबत मिलमध्ये जाऊन येत होतं.

प्रदर्शनाची सकाळ. मी मैत्रिणींबरोबर व्हरांड्यात टेबल मांडते आहे. रात्रपाळी करून तुम्ही बसने थेट शाळेत येता, हातात प्लास्टिकची पिशवी. कापड पहाटेच मशीनमधून निघालेलं, वाळवायला वेळ मिळालेला नाही. तुम्ही ते सगळ्यांसमोर उलगडता. पाणी टपकतं आहे, रंग जुन्या विटेसारखा. एक मैत्रीण नाकाला रुमाल लावते. आणि मी मोठ्याने म्हणते, "हा काय रंग आहे आप्पा? ढग आहे का मातीचं पोतं?" सगळ्या हसतात. तुम्हीही थोडं हसता. "वाळू दे, अर्ध्या तासात वाळी जाई," तुम्ही म्हणता. मी म्हणते, वेळ नाही. मग मी निळा कागद चिकटवते आणि तुम्ही कापडाची घडी घालून निघून जाता.

मला बक्षीस मिळालं. तुम्ही पेढे आणलेत, कापडाचं नावही काढलं नाहीत. मायने त्याचं शिलाई मशीनचं कव्हर शिवलं आणि त्याच्यासमोर बसून मी दहावीचा अभ्यास केला. दुपारी खिडकीतून ऊन यायचं तेव्हा तो रंग हुबेहूब त्या चित्रातला असायचा. लालही नाही, गुलाबीही नाही. मी रोज बघत होते. पुढे पाच वर्षं तुम्ही होतात, रोज रात्री माझ्यासमोर बसून जेवत होतात, आणि 'रंग जमला होता' हे एक वाक्य माझ्याच्याने बोलवलं नाही. तुमच्या तेराव्याला मिलमधले एक काका तुमच्या रंगांच्या वहीतलं पान घेऊन आले. त्यावर सात चिंध्या चिकटवलेल्या, सहांवर फुली. सातवीखाली नेहमीसारखा नंबर नव्हता. तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पोरना ढग'.

ते पान आत्ता माझ्यासमोर आहे. नव्या दुर्बिणींची चित्रं मी वर्गात दाखवते तेव्हा सांगते की यातले बरेच रंगही माणसांनीच बसवलेले असतात, कुठल्या वायूला कोणता हे ठरवून. तेव्हा तुम्ही आठवता. पेपरचा गठ्ठा बाजूला सारून हे लिहिते आहे, आणि लिहून झालं की पत्र त्या पानासोबत कपाटात जाईल, दुसरीकडे जाणार कुठे?

पण त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलं. विचारलं नव्हतं कोणी, हेच खरं उत्तर आहे. कापडाची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. कलर मास्टरची मुलगी असून मी ओल्या कापडाला फसले, असं सांगते, मुलं हसतात, मीही हसते. आप्पा, मी फसले नव्हते. ते वाळल्यावर कसं दिसेल हे मला त्या व्हरांड्यातही माहीत होतं. मला रंगाची लाज वाटली नव्हती. तुमची वाटली होती.