एक हत्ती जास्त

३ जून
लिहिण्याचं कारण रूपा. तिचे वडील गेल्यापासून मी सिडकोच्या घरात एकटी राहू नये, असं तिचं म्हणणं. काल फोनवर अट ठरली. गारखेड्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत पाचपैकी एक तरी डाव जिंकले, तर आईचं डोकं शाबूत आहे असं समजून ती गप्प बसेल. नाही तर घराची किल्ली तिच्याकडे आणि मी पुण्याला. तिने शब्द फिरवू नये म्हणून ही नोंद.

५ जून
किंग्ज गॅम्बिट खेळणार. दुसऱ्याच चालीला प्यादं फुकट द्यायचं आणि हल्ला चढवायचा. पुस्तकाची तीन पानं झाली. ह्यांची ओपनिंग मिळमिळीत असायची. आधी घोडा, मग उंट, मग चहा.
मी रडत नाही म्हणून रूपाला काळजी. तयारीतून वेळ कुठे आहे?

७ जून
तीन डाव हरले. पंखा थेट डोक्यावर. दुसऱ्या डावात समोरची मुलगी च्युइंगम चघळत होती. समज दिली. सॉरी म्हणाली आणि माझा वजीर घेतला. गॅम्बिट उद्या. आजचा सराव समजायचा.

८ जून, सकाळ
चौथाही गेला. खुर्ची डुगडुगत होती.

८ जून, दुपार
शेवटचा डाव वैजापूरच्या तात्यासाहेबांशी. कापसाचे जुने व्यापारी. दुसऱ्या चालीला हात घोड्याकडेच गेला. हरकत नाही. पुढे त्यांचा एक हत्ती मारला. मग ते राजा कोपऱ्यात आत-बाहेर करू लागले. मी हत्ती मागे-पुढे करत राहिले. घरी असंच चालायचं. हे हरायला आले की राजा आत-बाहेर, माझा हत्ती मागे-पुढे, दिवेलागणीपर्यंत. तेवढाच डाव लांबायचा.
तात्यासाहेबांनी पंचांना बोलावलं. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा, म्हणजे नियमाने बरोबरी. सही करताना म्हणाले, डाव तुमचाच होता की, बाई. माझ्या मागं मागं कशाला हलत बसल्या?
पेन त्यांचं होतं. परत केलं.

८ जून, संध्याकाळ
रूपाला डाव कसा गेला ते कळवलं. बरोबरी म्हणजे अर्धा गुण, तेव्हा अर्धं वर्ष पुणे, अर्धं इथे. तिने विचारलं, बाबांशी रोज बरोबरीच व्हायची का गं? म्हटलं, रोज नाही. फोन ठेवला.

१५ जून
रूपा आली. गॅम्बिटचं पुस्तक बॅगेत घेतलं. पुण्यात तयारी पूर्ण होईल. पट घ्यायचा का, तिने विचारलं. मांडलेला आहे तसाच राहू दे म्हटलं, परत यायचंच आहे.
दिली: घराची किल्ली, रूपाच्या हातात. पोच मागितली नाही.