आईच्या शेजारची जागा

फिलाडेल्फिया, ७ – दुसरा महिना, १७९१

एनॉस गेला. पहाटे. माझा भाऊ कधी नव्हे तो वाद न घालता गेला!

काल तेवढं म्हणाला होता – "तायसी, मला आईशेजारी ठेव. संगमरवर नको."

आई आमच्या पंथाच्या सभेच्या दफनभूमीत आहे, तिथे फक्त सभेच्याच माणसांना जागा. आणि आम्हाला शस्त्र वर्ज्य, तरी स्वातंत्र्याच्या लढाईत तोफा ओतायला मदत केली म्हणून सभेने एनॉसला कधीच वाळीत टाकलंय. आता काय करू?

८ – दुसरा महिना

गव्हर्नरचा माणूस आला होता. चौकात थडगं बांधणार म्हणे, वर पुतळा. "नामदार एनॉस पेनॉक म्हणजे राष्ट्राचं भूषण, बाईसाहेब!"

"बाईसाहेब नको, तायसी म्हण," मी म्हटलं. "तुझ्या गव्हर्नरलाही मी 'तू'च म्हणते." बिचारा गोरामोरा झाला.

पण खरंच, निम्मं शहर एनॉसने शोधलेल्या शेगडीवर शेकतंय. सभागृहातसुद्धा तीच आहे. माणूस वाळीत, शेगडी आत!

सभेचा लेखनिक थॉमस, त्याला भेटले. म्हणाला, "उद्या सभेपुढे ठेवतो. पण जेबेझचं काय?"

जेबेझ रोलंड. एनॉसचं लढाईच्या बाजूचं भाषण ऐकून जेबेझचा एकुलता एक मुलगा एमॉस घरातून पळाला, सैन्यात गेला, परत आला नाही. तेव्हापासून जेबेझ माझ्याशीही बोलत नाही. त्याला तरी काय दोष द्यायचा? आमच्यात हात वर करून मोजत नाहीत. एक जण उठून 'नाही' म्हणाला की संपलं. कोणीच काही बोललं नाही तर ती संमती.

९ – दुसरा महिना

झालं!

थॉमसने विचारलं आणि सगळे गप्प बसले. मी समोरच्या बाकावरच्या जेबेझकडे बघत होते. हनुवटी छातीवर, हॅट नाकापर्यंत. आणि मग – घोरायला लागला! तसा तो नेहमीच पेंगतो, पण आज? माझ्या शेजारी त्याची बायको मर्सी मांडीवर हात ठेवून ढिम्म. एरवी अशा पेंगण्याबद्दल बाहेर पडल्यावर भर रस्त्यात त्याला फैलावर घेते, आज तेही नाही.

"मित्रहो, कोणाला काही म्हणायचंय?" थॉमसने पुन्हा विचारलं. मी खोकला गिळला. डोळ्यांत पाणी आलं त्याने.

कोणी बोललं नाही. थॉमसने नोंद केली.

११ – दुसरा महिना

एनॉसला आईशेजारी ठेवलं. दगड नाही, नाव नाही. जमीन गोठलेली, कुदळ उडत होती. गव्हर्नरची माणसं कुंपणाबाहेर ताटकळली.

जेबेझ आला नाही.

१२ – दुसरा महिना

आनंद व्हायला हवा, होत नाही. एका म्हाताऱ्याचा डोळा लागला म्हणून जागा मिळाली. ही कसली संमती? मुलगा गेला त्याचा, आणि बोलायची एकच वेळ होती तीही हुकली. मला हाक मारता आली असती. नाही मारली. एनॉससाठी मी पुन्हा तसंच करेन, आणि तरीही लाज वाटतेय.

उद्या जेबेझकडे जायचं. काय बोलायचं ते कळत नाही.

१३ – दुसरा महिना

मी निघणार तोच जेबेझ दारात. आत आला नाही.

म्हणाला, "तायसी, माझं घोरणं खरं वाटलं ना सगळ्यांना?"