साष्टांगातलं एक अंग

ती. आईस,
साष्टांगातलं एक अंग कमी आहे, तरी नमस्कार गोड मानून घे.

मला सिनेमात काम मिळालं! सुरुंगाचा शोध लावणाऱ्या शास्त्रज्ञावरचा सिनेमा आहे. मी सुरुंगाने पाय गेलेला माणूस. माझा तुटका पाय बघून दिग्दर्शक म्हणाले, "खोटा वाटतोय." मग रंगभूषावाल्या बाईंनी लाल रंग फासला, तेव्हा कुठे तो खरा ठरला.

जेवण पोटभर मिळतं. स्वतःच्या पायावर उभा राहा म्हणायचीस ना? एकावर राहिलोय.

शेवटी शास्त्रज्ञाला पश्चात्ताप होतो, तो सगळे सुरुंग काढायला लावतो. सेटवर सगळे रडले.

धाकटी अजून शेळ्या घेऊन त्याच माळावर जाते का? जाऊ देऊ नकोस. सुरुंग फक्त सिनेमातले काढलेत.

तुझा,
लंगडा नट